तारेची हाळी

परवा धाकट्या पुतण्याने नवी गिटार आणली. तिच्या कुशीला एक छोटंसं भोक होतं. त्यात वायर खुपसली की बोटाखालचा आवाज थेट स्पीकरच्या पेटीतून बाहेर. "आतमध्ये आवाज उचलणारा पिकअप बसवलेलाच येतो काकू," तो म्हणाला. मी विचारलं, "बसवलेलाच? म्हणजे निवडायचा नाही?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू जात्यावरचं पीठ मागितलं होतं.

त्याला काय सांगणार. आमच्या घरात गिटारीचा आवाज कशाने उचलायचा हे ठरवायला एक अख्खा हिवाळा गेला होता. त्यात धनगराच्या शेळ्या उधळल्या, सदा कर्णेवाल्याचं जेवण आमच्याकडे कायमचं लागलं, आणि एका देवाचं लग्न मुहूर्ताच्या आधीच उरकावं लागलं. या सगळ्याच्या मधोमध केरूनाना होते. ते मात्र एक अक्षर बोलले नाहीत. बोलूच शकत नव्हते.

केरूनाना म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. मी लग्न होऊन पुण्याच्या पेठेतून मुळशीच्या पाण्याकाठच्या त्या वाडीत गेले, तेव्हा मी मॅट्रिक पास होते आणि मला पदार्थविज्ञान येतं असा माझा समज होता. वाडीत दिवा रॉकेलचा. आमच्या पाण्याची वीज डोंगर उतरून मुंबईचे पंखे फिरवायला जायची, हे मी सासरी गेल्या गेल्या सगळ्यांना समजावून सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. त्यांची जमीन त्या पाण्याखाली होती, हे मला नंतर कळलं.

चुलत सासऱ्यांसमोर सुनेने तोंड उघडायचं नाही अशी रीत. नानांना तोंड उघडून उपयोग नव्हता. त्यामुळे आम्हा दोघांचं पहिल्या दिवसापासून उत्तम जमलं. दोन टाळ्या म्हणजे चहा. उंबऱ्यावर काठीचा एक ठोका म्हणजे कुणीतरी येतंय. बाकीचं ते नुसत्या ओठांनी बोलत, आणि ते माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, तेवढं वाचता येई. आत्याबाई ते मोठ्याने सांगत आणि वर आपलं मतही घालत. त्यामुळे नानांचं नक्की म्हणणं कुठे संपलं हे कधीच कळायचं नाही.

आणखी एक सवय होती त्यांची. कुठल्याही वस्तूवर तळवा सपाट ठेवून डोळे मिटायचे. जात्यावर, गाभण गाईच्या पोटावर, होडीच्या फळीवर. वैद्य नाडी बघतो तसं. मी एकदा ह्यांना विचारलं, नाना काय करतात? हे म्हणाले, "ऐकतात."

आणि हा माणूस एके काळी अख्ख्या खोऱ्याचा आवाज होता. आत्याबाई सांगायच्या, "दाजी हितं कुजबुजलं तरी पार रिहे गावच्या बायका डोईवर पदर घ्यायच्या." यातलं निम्मं सोडून दिलं, तरी नाना हाळी देत ही गोष्ट खरी होती. हाळी म्हणजे ओरडणं नव्हे. ओरडणं कुणालाही येतं, मला तर फारच चांगलं येतं. घशाला आवाज असतानाचं नानांचं एक वाक्य घरात अजून चालतं: "आवाज सोडू न्हाई, धाडावा." सोडलेला आवाज फुटतो, धाडलेला पोचतो.

त्या हाळीला मान होता. धरणाचं पाणी आलं तेव्हा गाव दुभंगलं. अर्धी घरं अल्याड चढली, अर्धी पल्याड. जुना रस्ता आमच्या बाजूने सरळ पाण्यात उतरतो आणि पलीकडच्या काठाला पुन्हा वर निघतो. मध्ये काय झालं ते जणू त्याला ठाऊकच नाही. माणसांनी घाईत देव उचलले, त्यात भैरोबा आमच्याकडे आला आणि जोगूबाई पल्याड गेली. नवरा एका काठाला, बायको दुसऱ्या. मग दर माघी पौर्णिमेला त्यांचं लग्न लावायची रीत पडली. दिवेलागणीला आमच्या घरच्या माणसाने काठावर उभं राहून जोगूबाईला हाळी द्यायची. पल्याडून 'ओ' आली, की दोन्ही काठांना एकदमच आरती धरायची. ओ आल्याशिवाय नैवेद्य नाही, जेवण नाही. पल्याडून ओ देणारी एक भागूआक्का होती, गाव दुभंगल्यावर तिकडे सून म्हणून आलेली. ती तरुणपणापासून ओ देत होती आणि नाना तरुणपणापासून हाळी देत होते. दोघांनी एकमेकांना जवळून कधी पाहिलेलं नव्हतं. जत्रेच्या दिवशी दोघांनाही आपापला काठ सोडायची मुभा नव्हती, आणि एरवी जायचं कारण नव्हतं.

मग नानांच्या घशात गाठ आली. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात ती काढली. जीव वाचला, आवाज तिथेच राहिला. शेजारच्या खाटेवर पिंटो नावाचा एक गोव्याचा वादक होता. हॉटेलात गिटार वाजवायचा, तीही मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून लोखंडाचा तुकडा घसरवत. त्याने बरं होता होता या मुक्या खेडुताला ती शिकवली आणि जाताना देऊन टाकली. नाना वाडीत परतले ते घोंगडीत गुंडाळलेली ती गिटार छातीशी धरून. नाना विधुर. आत्याबाईंनी घोंगडीतून डोकावणारी ती कंबर पाहिली आणि म्हणाल्या, "आली का नवी जाऊबाई." पुढे घरात तिचं तेच नाव पडलं. 'जाऊबाईला उन्हात ठेवू नका', 'जाऊबाईवरचं मांजर हाकला'. मला तर दोन सासवा असल्यासारखंच वाटे.

नाना परसातल्या फणसाखाली बसून वाजवत. गाडीच्या जुन्या आसाचा तुकडा त्यांनी घासून घासून गुळगुळीत केला होता. तो तारेवरून सरकला की सूर पायरी पायरीने चढत नसे, वाफेसारखा वर जाई. सकाळी पाण्यावर धुई असायची. ती धुई, तो सूर आणि फणसाची पानं यांतलं काय हलतंय आणि काय स्थिर आहे हे मला कळेनासं व्हायचं, आणि चुलीवरची भाकरी करपायची. हळू हळू लक्षात आलं, की नाना एकच गोष्ट वाजवतात. एक सूर खालून उठतो, लांब जातो, टिकतो, आणि शेवटी वळून जरासा मोडतो. एक दिवस आत्याबाई तांदूळ निवडता निवडता थांबल्या. म्हणाल्या, "आगं, ही तर दाजींची हाळी हाय."

पण ती तीन हातांवर संपत होती. फणसाच्या पलीकडे काही जात नव्हतं.

इकडे मानाचं बिनसलं होतं. नाना मुके झाल्यावर पहिल्या वर्षी ह्यांनी हाळी दिली. ह्यांचा आवाज अर्ध्यात चिरकला आणि पल्याडची माणसं हसली, ते मात्र स्वच्छ ऐकू आलं. पुढच्या दोन वर्षी आणखी कुणाकुणाला उभं केलं. ओ यायची, पण ती पुरुषांची, उशिरा, उरकल्यासारखी. भागूआक्का काही उठेना. शेवटी गणपत म्हणून एक पैलवान गडी होता, तो देवळापुढे म्हणाला, "घरात गळा न्हाई तर मान कशाला अडवून धरलाय? औंदा त्यांच्या हातून झालं तर झालं, न्हाई तर पुढं आमचं घर हाळी देईल." गाव 'व्हय' म्हणालं. गणपत वाईट नव्हता. त्याचा आवाज खरंच मोठा होता आणि त्याला तो कुठे ठेवावा हे कळत नव्हतं.

त्या संध्याकाळी नाना जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी ह्यांना पिरंगुटला धाडून सदाला बोलावून घेतलं.

सदा लग्नात, सभेत कर्णा लावायचा. आवाज वाढवायचं मशीन, मोटारीची बॅटरी, दोन कर्णे आणि स्वतः असा तो बैलगाडीतून आला. त्याला आवाज मोठा करता येत होता, पण त्याच्यापुढे आजवर माणूस किंवा तबकडी एवढेच आले होते. जाऊबाईला पाहून त्याने टोपी मागे सारली. "ह्या बाईच्या पोटातला आवाज बाहीर काढायचा म्हंजी पयलं तिला कुटं धरायचं ते ठरवाया पायजे."

पहिल्यांदा साधा माईक पुढे ठेवला. कर्ण्यातून गिटार आली, तिच्याबरोबर कोंबडा आला, आत्याबाईंचा खोकला आला, आणि सदाने स्वतः नाक शिंकरलं तेही सगळ्या वाडीने ऐकलं. जत्रेत तर शेजारी ढोल असणार. तेव्हा मला राहवलं नाही. मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि ह्यांच्या कानात सांगितलं, की ध्वनीचा उगम गिटारीच्या पोटात आहे, सबब माईक त्या भोकातच सोडावा. हे कौतुकाने पुढे म्हणाले, "आमचीला सायन्स व्हतं." सदाने माईक आत सोडला आणि मशीन वाढवलं.

जे झालं त्याला आवाज म्हणत नाहीत. माईकने कर्ण्याचं ऐकलं, कर्ण्याने माईकचं, आणि दोघं मिळून एक अशी शीळ उठली की माळावर बसलेल्या धनगराच्या शेळ्या उठून थेट डोंगराला लागल्या. म्हातारा धनगर संध्याकाळी आमच्या अंगणात आला आणि शांतपणे म्हणाला, "कोन ती सायन्सवाली?" त्यानंतर बरेच दिवस वाडीत माझी ओळख तीच होती.

दुसऱ्या खेपेला सदाने ग्रामोफोनच्या सुईची मुंडी आणली. तबकडीवरची थरथर जी उचलते, ती लाकडाची का नाही उचलणार, असा त्याचा हिशेब. लाखेने ती गिटारीच्या अंगाला चिकटवली. आणि खरोखर, सूर असा आला की सदाचेच डोळे भरले. काचेसारखा स्वच्छ. बोट तारेवरून निघतानाचा हलका घासल्याचा आवाजसुद्धा. "ह्याच्यावर कळस न्हाई नाना," तो म्हणाला. "हे फायनल."

नानांनी ह्यांना आणि मला काठाकाठाने चालत जायला सांगितलं. ऐकू येतंय तोवर हात वर, बंद झालं की खाली. आम्ही नवराबायको दिवसाउजेडी एकत्र फिरायला निघालो ते त्या एका निमित्ताने, म्हणून मला वाटतं मी हात जरा जास्तच वेळ वर ठेवला. पण ह्यांनी इमानदारीने खाली केला. वळणाच्या अलीकडेच सूर विरघळला होता. जवळून गोड, लांबून काहीच नाही. नानांचे ओठ हलले. आत्याबाई म्हणाल्या, "चांगलं हाय म्हंत्यात. पर हे हितलं हितंच गोड हाय. आणि माझं म्हननं, लाखेनं जाऊबाईचा रंग गेला."

सदा दुखावला. तो जेवला, आणि तसाच निघून गेला. माघ लागला तरी परतला नाही. नाना रोज फणसाखाली बसत, वाजवत नसत.

तो आला त्रयोदशीच्या सकाळी. पुण्याच्या जुन्या बाजारातून त्याने एक चामडी पट्टा आणला होता, त्याला दोन काळी बटणं. लढाईतल्या रणगाड्यात शिपाई ती गळ्याला बांधत. तोफांच्या गोंगाटात बाहेरचं काही न घेता ती फक्त गळ्याची थरथर घेत. सदा सांगता सांगता घुटमळला. मग म्हणाला, "नाना, म्हनलं आदी तुमच्याच गळ्याला लावून बगू. कुटंतरी आत थोडं ऱ्हायलं आसंल तर."

नानांनी मान वर केली. सदाने पट्टा बांधला, व्रणाच्या जरा वर. मशीनच्या काचेच्या नळ्या तापून लालसर झाल्या. नानांनी छाती भरून घेतली आणि तोंड उघडलं.

कर्ण्यातून वारा आला. नुसता वारा, रिकाम्या घरातून जातो तसा. आत्याबाई पाठ फिरवून उगीच कोंबड्यांना हाकलू लागल्या. नानांनीच मग पट्टा सोडला. जाऊबाईला मांडीवर घेतलं, तिच्या अंगावर तळवा ठेवला, डोळे मिटले आणि तिची एक एक जागा चाचपत गेले. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या जरा खाली हात थांबला. तिथे त्यांनी बटण दाबून धरलं. सायकलच्या ट्यूबची पट्टी लावून सदाने ते आवळलं.

नानांनी एक खबरदारी घेतली होती. हाळी दिवसाआधी पाण्यावर जाऊ नये म्हणून कर्णा पाण्याकडे पाठ करून, मागच्या कड्याकडे तोंड करून ठेवायला लावला. मग त्यांनी एक तार छेडली.

आवाज मुळीच गोड नव्हता. पडसं झालेल्या माणसासारखा, नाकातला, जाड. सदाने तोंड वाकडं केलं. "हे काय खरं न्हाई नाना. सुईचं कुटं आन् हे कुटं." पण नानांचा चेहरा बदलला. आम्ही सगळे सुरेल गिटार शोधत होतो; त्यांना माणूस हवा होता. तो सापडला हे ओळखून त्यांचा हात पुढे काही थांबला नाही. लोखंडाचा तुकडा तारेवरून निघाला, लांब गेला, टिकला, आणि शेवटी वळून जरासा मोडला. पुरी हाळी.

कर्णा कड्याकडे होता. पण कड्याला तोंड नसलं तरी तो ऐकतो आणि परत देतो, हे त्या क्षणी आमच्यापैकी कुणालाच आठवलं नाही. आवाज कड्यावर जाऊन आपटला, मोठा होऊन आमच्या डोक्यांवरून पाण्यावर गेला. धुई अजून उठली नव्हती. सगळं पांढरं, काठ नसलेलं. आणि त्या पांढऱ्यातून, बऱ्याच वेळाने, एक म्हातारी बाई म्हणाली, "ओऽऽ... आलेऽऽ."

सदा हसायला लागला. आत्याबाई मात्र मटकन खाली बसल्या. "आरं देवा. बलावनं गेलं."

दुपारपर्यंत सगळी वाडी देवळापुढे होती. गणपतला फार बोलावंही लागलं नाही. "सालात हाळी येकदाच. ती ह्यांनी पुनवंच्या आदीच देऊन टाकली. आता देवाचं लगीन ऱ्हायलं, आन् मान तर गेलाच." गुरव मान हलवत होता. नाना खांबाला टेकून उभे होते. त्यांच्या बाजूने बोलायचं तर काय बोलणार? चूक झालीच होती. तीही प्रत्येक वर्षी जी बरोबर करायची तीच गोष्ट बरोबर करून. मी सायन्सवाली, माझ्याकडे तर कुणी पाहतही नव्हतं.

तेवढ्यात काठावरून होडीवाला वर आला आणि त्याच्यामागे हिरवं लुगडं नेसलेली, हाताला हळद लागलेली एक ठेंगणी म्हातारी. तिने श्वास घेतला आणि थेट गुरवाला विचारलं, "हितं समदी वऱ्हाडी बसून ऱ्हायलीत व्हय? आमच्याकडं पुरन शिजतंय. देवीला हळद लागली. तयारी हाय का न्हाई बगाया आले."

"आक्का, आज पुनव न्हाई," गणपत म्हणाला.

"मला म्हाईत हाय. पर हाळी आली, मी ओ दिली. आता हळद लागलेली नवरी पुनवंपातुर कोपऱ्यात बसवून ठिवू का? तुज्या भनीला ठिवशील?"

गणपत म्हणाला, "आवो, ती मानसाची हाळी न्हवती. तारंची व्हती. मशीनीची."

"आसंल बाबा. तार का मानूस त्ये मला पल्याडनं दिसत न्हाई." आक्काने पदराने कपाळ पुसलं. "तीन सालं तुमी कुनाकुनाला काठावर हुबं केलं, मी ऐकत व्हते. समदी वरडत व्हती. वरडन्याला कोन ओ देतं? आज शेवटाला ती मुरड पडली तवा मी चुलीम्होरनं उटले. ती मुरड केरूच्याच घरची हाय. लगीन आज दिवेलागनीलाच हुईल. आमचा नवद्य व्हतोय, तुमचं तुमी बगा."

मग गणपतच खाकरला आणि म्हणाला, "मग ढोल तरी बाहीर काडा की रं. का त्यो बी मीच वाजवू?" गुरवाने मानाचा नारळ आणून नानांच्या हातात दिला. नाना तो धरून तसेच उभे राहिले.

आक्का गर्दीवरून नजर फिरवत होती. "त्यातला केरू कोन म्हनायचा?"

आम्ही नानांना पुढे ढकललं. नाना बारीक अंगाचे, माझ्याहून थोडेच उंच. आक्काने त्यांना टोपीपासून पायापर्यंत पाहिलं, पुन्हा वरपर्यंत पाहिलं.

"येवढासाच व्हय?" ती म्हणाली. "आवाजावरनं वाटलं व्हतं, चांगला ताडमाड आसंल."

वाडी हसली. नानाही हसले, खांदे हलले तेवढेच. मग त्यांनी ओठ हलवून काही म्हटलं. आत्याबाई शेजारीच होत्या, पण आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी ते मोठ्याने सांगितलं नाही. आक्कानेही विचारलं नाही.

पुनव नव्हती म्हणून आक्काला येता तरी आलं, पण आरतीच्या आधी तिला आपल्या काठाला पोचायला हवं होतं. इकडे ज्यांना पुरण घालायला डाळ नव्हती त्या घरांतून तांदळाची खीर शिजत होती, मुलं ढोलाभोवती होती. सदा मशीन आवरत होता. मी नानांना चहा द्यायला काठावर गेले. नाना पाण्यात उतरणाऱ्या त्या जुन्या रस्त्याच्या कडेला बसले होते, पावलं पाण्यात, जाऊबाई मांडीवर, नारळ बाजूच्या दगडावर. होडी निघाली होती. उन्हं उतरली होती आणि पाण्यावर पुन्हा पांढरं जमू लागलं होतं. सदाने वरून विचारलं, "नाना, जोडू का?" नानांनी मागे न बघता नुसता हात हलवला, नको म्हणून.

आणि वाजवायला सुरुवात केली. मी मागे उभी होते म्हणून मला ऐकू आलं; आणखी चार पावलं मागे असते तर नसतं आलं. ती हाळी नव्हती. दुसरंच काहीतरी होतं, अगदी बारीक. मी चहा हातात धरून उभी राहिले, आणि तो निवला.

होडी अर्ध्यावर असेल. आक्का होडीत उठून उभी राहिली, तोंड आमच्या काठाकडे. होडीवाल्याचा आवाज पाण्यावरून स्वच्छ आला: "आक्के, खाली बस की. हुडी कलंडंल."

ती काही बसली नाही.